एका तरंडाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे तो राज्यें, लढाया व तह यांचाच असावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु मनुष्यस्वभावाचे कांहीं व्यापार असे आहेत कीं, ते मोठ्या घडामोडींपेक्षां लहानशा वस्तूंच्या इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतात. आज आम्ही वाचकांपुढें अशीच एक वस्तु ठेवणार आहों. ती म्हणजे गळाच्या दोरीस बांधावयाचें बोराएवढें तरंड. आमच्या वाचकांपैकीं बऱ्याच घरांत मासळी शिजत नसेल, आणि जेथें शिजते तेथेंही ती बाजारांतूनच येत असेल. स्वतः आम्हीही गळ कधीं हातीं धरिलेला नाहीं. आमचा या विषयाशीं संबंध आला तो केवळ ग्रंथद्वारा. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास ऐझॅक वॉल्टन याचा १६५३ सालीं प्रसिद्ध झालेला ‘कंप्लीट अँगलर’ हा ग्रंथ टाळतां येत नाहीं. तो वाचतां वाचतां, इतक्या शांत माणसांच्या या करमणुकीवरून पुढें इतकीं कडू भांडणें कां व्हावींत, असें कुतूहल आमच्या मनांत उत्पन्न झालें. त्या भांडणांपैकीं अगदीं अलीकडचें व अजून न मिटलेलें भांडण या तरंडाचें आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून देणें अवश्य आहे. गळाच्या दोरीस मध्येंच बुचाचा, पिसाच्या नळीचा किंवा हलक्या लांकडाचा एक तुकडा बांधतात. तो पाण्यावर तरंगतो. आमिष त्याच्या खालीं ठराविक खोलीवर लोंबतें. आणि माशानें आमिषास तोंड लाविलें म्हणजे तो तुकडा हलतो किंवा बुडतो. हेंच तरंड. संस्कृत कोशांत ‘तरण्ड’ शब्दाचा हा अर्थ नमूद आहे. तेव्हां वस्तु आपणांस नवी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदासही स्थान दिलें आहे. म्हणजे गळ टाकणें हें राजास कमीपणा आणणारें कृत्य आहे, असें त्या ग्रंथकारास वाटलें नाहीं.

कृत्रिम माशीनें मासे धरण्याची रीति याहून निराळी. तींत खरें आमिष नसतें. आंकड्यावर रेशीम, लोंकर व पक्ष्यांचीं पिसें गुंडाळून एखाद्या किड्याची प्रतिमा करावयाची, आणि दोरी काठीनें हवेंत झुलवून ती प्रतिमा पाण्यावर नेमकी उतरवावयाची. प्रतिमेस जवळजवळ वजन नसतें. दोरीचेंच वजन तिला वाहून नेतें. या रीतीचें मुख्य लक्ष्य म्हणजे ट्राउट नांवाचा मासा. हा थंड पाण्याचा रहिवासी असल्यामुळें आपल्या महाराष्ट्रांतील नद्यांत तो नाहीं. काश्मीर व नीलगिरी येथें आज जो ट्राउट सांपडतो, तो इंग्रजांनीं आणून सोडलेल्या माशांचा वंश आहे. परंतु ज्या वादाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्याची रंगभूमि मुख्यतः इंग्लंड, व पुढें उत्तर अमेरिका, ही होय.

माशीची युक्ति फार जुनी आहे. एलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीवर, मॅसिडोनियांतील एका नदीवरचे लोक आंकड्याला तांबडी लोंकर गुंडाळून व तिला कोंबड्याच्या गळ्याखालचीं दोन पिसें बांधून ठिपकेदार मासे कसे धरीत, याचें वर्णन केलें आहे. इंग्लंडांत या विषयावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा. विंकिन द वर्ड या मुद्रकानें तो छापिला, व डेम ज्युलिआना बर्नर्स नांवाच्या एका बाईकडे त्याचें कर्तृत्व परंपरेनें दिलें जातें. या ग्रंथांत बारा कृत्रिम माश्यांच्या कृति आहेत, आणि चांगलें बूच निवडून, त्यास तापलेल्या लोखंडी सळईनें भोंक पाडून, त्यांत पिसाची नळी बसवून तरंड कसें करावें, हेंही सविस्तर सांगितलें आहे. माशी व तरंड हीं दोन्ही एकाच ग्रंथांत आहेत, आणि एक श्रेष्ठ व दुसरें कनिष्ठ असा शब्द त्यांत कोठें नाहीं. खुद्द वॉल्टन हा मुख्यतः आमिषाचा व तरंडाचा मनुष्य होता. माशीवरील सविस्तर भाग त्याच्या ग्रंथास १६७६ सालीं त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन यानें जोडला. दोघे एकाच पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत सुखानें नांदले.

मग हीं दोन घरें वेगळीं केव्हां झालीं? एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत कारखान्यांचीं शहरें वाढलीं. शेफील्ड, नॉटिंगहॅम व लंडनच्या पूर्व भागांतील कामकरी लोक सुटीच्या दिवशीं ट्रेंट, ली वगैरे नद्यांवर व कालव्यांवर गळ घेऊन बसूं लागले. त्यांचे मासे वेगळे, पाणी वेगळें, व त्यांचें साधन तरंड. वाहत्या पाण्यांत तरंड सोडून तें नेमक्या वेगानें नेण्याची जी कला ट्रेंट नदीवर सिद्ध झाली, ती हस्तकौशल्यांत कोणत्याही कलेहून उणी नव्हती. परंतु सॅमन व ट्राउट हे शिकारीचे मासे, आणि बाकीचे सर्व ‘कोर्स’ म्हणजे जाडेभरडे मासे, असें वर्गीकरण इंग्रजी भाषेंत रूढ झालें; आणि माशांना लाविलेलें विशेषण तीं धरणाऱ्या माणसांना व त्यांच्या साधनांनाही हळूहळू चिकटलें. हॅम्पशायरमधील टेस्ट व इचेन या नितळ नद्यांचे किनारे जमीनदारांच्या व श्रीमंत मंडळांच्या ताब्यांत होते. तेथें माशीशिवाय दुसरें कांहीं चालत नसे. तरंड हें यापुढें पलीकडच्या किनाऱ्यावरच्या माणसाचें चिन्ह झालें.

या नितळ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थानें आपलें शास्त्र उभारिलें. त्याचे दोन प्रमुख ग्रंथ १८८६ व १८८९ सालीं निघाले. त्याचें तत्त्व असें कीं, मासा पृष्ठभागावर येऊन किडा टिपतांना डोळ्यांना दिसला पाहिजे. तो कोणता किडा टिपतो हें ओळखलें पाहिजे. आणि त्याच किड्याची तरंगती, कोरडी प्रतिमा त्याच्या पुढें उतरविली पाहिजे. यांत सौंदर्य आहे हें नाकारतां येणार नाहीं. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. माशी पाण्यावर तरंगत असते, ती गळ टाकणाऱ्यास सतत दिसत असते, आणि ती नाहींशी झाली म्हणजे मासा लागला असें तो समजतो. म्हणजे कोरडी माशी ही आपली आपणच तरंड होती! हॅलफर्डच्या अनुयायांस निराळें तरंड लागलें नाहीं, तें त्यांच्या तपश्चर्येमुळें नव्हे. त्यांच्या माशींतच तें दडलेलें होतें.

जी. ई. एम. स्क्यूस हा लंडनचा वकील त्याच इचेन नदीवर मासे धरीत असे. त्याला असें दिसून आलें कीं, ट्राउट आपला बराचसा आहार पाण्याच्या पोटांतच घेतो. हाडांतील मगज काढण्याच्या चमच्यानें तो मेलेल्या माशाच्या जठरांतील पदार्थ काढून बशींत पाण्यावर पसरून पाही. आणि तेथें त्याला पंख न फुटलेले किडे मोठ्या संख्येनें सांपडत. अशा किड्यास इंग्रजींत ‘निंफ’, म्हणजे अप्सरा, असें गोड नांव आहे. स्क्यूसनें या अप्सरांच्या प्रतिमा केल्या व १९१० सालच्या आपल्या पुस्तकांत त्या पाण्यांत बुडवून मासे धरण्याचें समर्थन केलें. यावरून जें वादळ उठलें तें पुरतीं अठ्ठावीस वर्षें शमलें नाहीं. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत या प्रश्नावर रीतसर वादविवाद झाला, तेव्हां स्क्यूस ऐंशीच्या घरांत होता, आणि सभेचा कल बहुतांशीं त्याच्या विरुद्ध होता. आज त्याची पद्धति जगभर निर्विवाद मान्य आहे, आणि तिच्या पावित्र्याचे रक्षक आतां दुसऱ्या कोणास अपवित्र ठरविण्यांत गुंतले आहेत.

पण स्क्यूसच्या मार्गांत एक खरी अडचण होती. माशी बुडाली कीं दिसेनाशी होते. मग माशानें ती तोंडांत घेतली हें कळावें कसें? स्क्यूस त्यासाठीं डोळ्यांवर भिस्त ठेवी. पाण्याखालीं क्षणभर चमकलेली माशाची कूस, पृष्ठभागावर आलेला किंचित् फुगवटा, दोरीच्या टोकानें घेतलेला सूक्ष्म ओढा, या खुणांवर तो काठी उचली. नितळ व उथळ नदींत हें शक्य होतें. शिवाय वाहतें पाणी गळ टाकणाऱ्यास थोडी मदत करीत असतें. दोरी प्रवाहाबरोबर जात असतां मध्येंच थबकली, तर कांहींतरी घडलें हें कळतें.

स्थिर पाण्याची गोष्ट अगदीं निराळी. स्कॉटलंड व आयर्लंड येथील सरोवरांवर पूर्वीपासून होडींतून मासे धरीत. परंतु तेथें माश्या सारख्या ओढीत राहण्याची रीत असल्यामुळें माशाचा झटका हातास जाणवे. पुढें शहरांस पाणी पुरविण्यासाठीं बांधलेल्या तलावांत ट्राउट सोडूं लागले. सॉमरसेट परगण्यांतील ब्लॅग्डन हा तलाव या बाबतींत प्रसिद्ध आहे. ब्रिस्टल शहरासाठीं बांधलेला हा तलाव १९०४ सालीं गळ टाकणाऱ्यांस खुला झाला, आणि नव्यानें बुडालेल्या कुरणांतील विपुल अन्नावर तेथील मासे आश्चर्यकारक वाढले. सुरुवातीस मोठ्या भडक माश्या ओढून ते धरीत. पहिल्या महायुद्धांत सैन्यांत डॉक्टरकी केलेले डॉ. एच्. ए. बेल हे पुढें जवळच्या रिंग्टन गांवीं स्थायिक झाले, व त्यांनीं ही रीत बदलली. स्क्यूसप्रमाणेंच माशांचें जठर तपासून त्यांनीं तलावांतील किड्यांच्या लहान, साध्या प्रतिमा बांधल्या, आणि त्या किनाऱ्यावरून अगदीं सावकाश, तळाजवळून ओढावयास आरंभ केला. त्यांनीं स्वतः लिहिलें थोडेंच. पण पुढच्या पिढीनें त्यांस स्थिर पाण्यांतील या कलेचे आद्य पुरुष मानिलें.

बेल यांच्या किड्यांत एक किडा विशेष महत्त्वाचा होता. त्यास इंग्रज लोक ‘बझर’ म्हणतात. डांसासारखें दिसणारें, परंतु न चावणारें, असें हें चिलट आहे. त्याची अळी तळच्या चिखलांत राहते. तेथें प्राणवायु फार थोडा. म्हणून तिच्या कांहीं जातींच्या अंगांत आपल्या रक्तांतील लालीच्याच जातीचें द्रव्य असतें, आणि त्यामुळें ती तांबडी दिसते. पुढें तिचा कोश होतो. हा कोश चिखल सोडून अत्यंत मंद गतीनें, मध्येंमध्यें थबकत, पृष्ठभागाकडे चढतो, आणि तेथें फुटून त्यांतून चिलट उडून जातें. या चढणींत लाखों कोश एकाच वेळीं पाण्यांत लोंबकळत असतात. ट्राउटास त्यांच्यामागें धांवण्याचें कारण पडत नाहीं. तो संथपणें पोहतो, तोंड उघडतो, मिटतो आणि पुढें जातो. अशा कोशाची प्रतिमा ओढून चालत नाहीं, कारण खरा कोश ओढल्यासारखा कधीं जात नाहीं. ती स्तब्ध ठेवावी, तर दोरी सैल राहते. मासा प्रतिमा तोंडांत घेतो, तिचा कठीण स्पर्श ओळखतो, आणि वरच्या माणसास पत्ता लागण्यापूर्वीं थुंकून टाकतो. टी. सी. आयव्हन्स यांच्या १९५२ सालच्या ग्रंथापासून ब्रायन क्लार्क यांच्या १९७५ सालच्या ग्रंथापर्यंत इंग्लंडांत स्थिर पाण्यावर जें वाङ्मय निर्माण झालें, त्यास पुनःपुन्हां ज्या प्रश्नाशीं गांठ घालावी लागली तो हाच: न दिसणारा व हातास न जाणवणारा घास ओळखावा कसा?

या प्रश्नाचें उत्तर १४९६ सालच्या पुस्तकांत छापलेलें होतें. परंतु तें उत्तर पलीकडच्या किनाऱ्यावरच्या माणसाचें होतें, म्हणून तें घेण्यास फार दिवस लागले.

गेल्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेंत तें नव्या वेषानें आलें. आरंभीं दोरीच्या टोकाशीं भडक रंगाचा धागा किंवा लोंकरीचा तेल लाविलेला पुंजका बांधीत. पुढें बुचाचा मणी, फेसाळ रबरासारख्या पदार्थाची गोळी व शेवटीं प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू आला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत कॅमलूप्स शहराच्या आसपास शेंकडों सरोवरें आहेत, व त्यांतील ट्राउट याच चिलटाच्या कोशांवर पोसतात. तेथें मत्स्यशास्त्रज्ञ ब्रायन चॅन व लेखक फिलिप राउली यांच्यासारख्यांनीं ही रीति लोकांस शिकविली. तींतील बारकावे पाहिले म्हणजे ‘चेंडू टाकून झोंप घ्यावी’ हा विरोधकांचा आरोप किती उथळ आहे हें कळतें. प्रथम पाण्याची खोली मोजावयाची. त्यासाठीं माशीस एक लहान चिमटा अडकवून ती तळास टेकेपर्यंत सोडतात. मग तळापासून हात-दीड हात वर माशी लोंबेल अशा बेतानें तरंड बसवावयाचें. मासे वर सरकले कीं पुन्हां बदलावयाचें. हातभर चूक झाली तर दिवस फुकट जातो. वाऱ्याच्या लहरींवर तरंड खालवर होतें व तेणेंकरून खालच्या माशीस कोशाची मंद हालचाल आपोआप मिळते. धागा पंधरा-वीस फूट लांब असला, तर तरंड काठीच्या टोकाशीं अडकून मासा जवळ ओढतां येत नाहीं. म्हणून झटका बसतांच खुंटी निसटून तरंड धाग्यावरून खालीं घसरावें, अशी युक्ति काढिली आहे. आणि एवढें करूनही तरंड नेहमीं खरें बोलतें असें नाहीं. मधला धागा सैल असेल तर मासा येऊन जातो, व वर चेंडू स्तब्धच राहतो. म्हणून जाणता मनुष्य तें बुडण्याची वाट पाहत नाहीं. तें किंचित् कललें किंवा लहरीबरोबर उठावयाचें राहिलें, तरी काठी उचलतो.

आतां नांवाचा चमत्कार पाहावा. अमेरिकनांनीं या वस्तूस तरंड म्हटलें नाहीं. त्यांनीं तिला ‘स्ट्राइक इंडिकेटर’, म्हणजे झटकादर्शक, असें शास्त्रीय नांव दिलें. होकायंत्र दिशा दर्शवितें, तापमापक ताप दर्शवितो, तसें हें एक दर्शक. शास्त्राचें नांव मिळतांच वस्तु सभ्य झाली व दुकानांत मानानें बसली. इंग्लंडांत मात्र लोकांनीं तिला ‘बंग’, म्हणजे पिंपाचें बूच, असें रोखठोक नांव दिलें. आणि तेथें नाकें अजून मुरडलीं जातात. वस्तु एकच, एका देशांत नांवानें तिला शुद्ध करून घेतलें, दुसऱ्यांत नांवानेंच तिला दाराबाहेर ठेविलें. हा विधि आपल्या देशांतील वाचकांस अपरिचित वाटेल असें नाहीं. एखादें भांडें, एखादें वाद्य, एखादा धंदा वाईट कां, असें विचारिलें तर त्या वस्तूंतील दोष कोणी सांगत नाहीं. ती कोणाच्या हातांत होती हें सांगतात. तींच वस्तु परदेशांतून नवें नांव घेऊन आली म्हणजे आपण तिला दिवाणखान्यांत जागा देतों.

नियमांची गंमत तर याहून अधिक. कृत्रिम माशीच्या जागतिक सामन्यांस १९८१ सालीं लक्झेंबर्ग येथें आरंभ झाला. या सामन्यांच्या नियमांप्रमाणें दोरीच्या टोकाच्या धाग्यास तरंड किंवा दर्शक बांधण्यास मनाई आहे. परंतु त्याच धाग्याचा एक भाग भडक रंगाचा असला तर चालतो. आणि वर एक तरंगती माशी बांधून तिच्याखालीं दुसरी बुडती माशी लोंबत ठेविली तरीही चालतें. वरची माशी बुडाली कीं खालच्या माशीस मासा लागला असें समजावयाचें. तरंडास आंकडा लाविला व दोन पिसें चिकटविलीं कीं तें तरंड राहत नाहीं. तें माशी होतें!

असें असलें तरी विरोधकांचें सर्वच म्हणणें टाकाऊ आहे, असा आमचा अभिप्राय नाहीं. त्यांच्या आक्षेपांत तीन निरनिराळे आक्षेप मिसळलेले आहेत, व ते वेगळे करणें इष्ट आहे. पहिला, तरंडामुळें मासे अधिक धरले जातात व लहान तलाव लवकर रिकामा होतो. हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचा उपाय किती मासे न्यावेत याची मर्यादा घालणें हा होय. दुसरा, सामन्यांत सर्वांचें साधन सारखें असावें. हेंही रास्त आहे. खेळ म्हटला म्हणजे नियम आलेच, व ते थोडे मनमानी असावयाचेच. तिसरा, तरंड वापरणारा हा माशीचा मनुष्यच नव्हे. हा आक्षेप माशांसंबंधानें नाहीं, पाण्यासंबंधानें नाहीं. तो माणसासंबंधानें आहे, आणि तो टिकण्याजोगा नाहीं. हॅलफर्डच्या अनुयायांनीं हेंच वाक्य स्क्यूसविषयीं उच्चारिलें होतें.

एक चवथी गोष्ट मात्र आहे, जी विरोधकांच्या तोंडीं फारशी स्पष्टपणें येत नाहीं, पण जिचें वजन आम्हांस सर्वांत अधिक वाटतें. स्क्यूस पाण्याकडे पाही. त्याच्या नजरेंत नदी होती: तिचा रंग, तिच्यावरचें ऊन, गवताच्या सावलींतली एक चमक. तरंडाकडे पाहणारा मनुष्य तरंडाकडेच पाहतो. शंभर एकरांचें सरोवर त्याच्यासाठीं एका नारिंगी ठिपक्याएवढें होतें. साधनानें त्याला जें दाखविलें तें पूर्वीं कोणास दिसत नव्हतें हें खरें. पण साधनानें न दाखविलेलें पाहण्याची संवय तो गमावीत जातो, हेंही तितकेंच खरें. आम्ही अध्यापनाच्या धंद्यांत तीस वर्षें घालविलीं आहेत. परीक्षेचे गुण हें आमचें तरंड होय. तें बुडलें कीं वर आलें एवढेंच पाहत आम्ही कित्येक वर्षें बांकांवरच्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहावयाचें विसरलों, हें कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. गुण नसते तर पुष्कळ मुलांची अडचण आम्हांस कळलीही नसती. परंतु जीं मुलें गुणांत न दिसतां मनांतल्या मनांत शिकत किंवा खचत होतीं, तीं तशींच येऊन निघून गेलीं.

म्हणून तरंड फेंकून द्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या पाण्यांत डोळा पोंचत नाहीं, तेथें तें हवेंच. आणि तें प्रथम कामकऱ्याच्या हातांत होतें ही त्याची नामुष्की नव्हे, भूषण आहे. त्याला नवें नांव न देतां जुन्या नांवानेंच घरांत घ्यावें, म्हणजे तें आपणांस कोणी दिलें याचें स्मरण राहील. मात्र घटकाभर तें स्तब्ध असतांना, त्याच्यापलीकडे पसरलेल्या पाण्याकडेही एकदां मान वर करून पाहावें.